एल्कहार्टचीं फिरतीं घरें

शिकागोच्या पूर्वेस सुमारें पावणेदोनशें किलोमीटरांवर, इंडियाना राज्यांत, एल्कहार्ट नांवाचें शहर आहे. सेंट जोसेफ आणि एल्कहार्ट या दोन नद्यांचा तेथें संगम होतो; पण संगम म्हटल्याबरोबर आपल्या डोळ्यांपुढें जो घाट, जें देऊळ आणि ज्या पायऱ्या उभ्या राहतात, त्यांपैकीं तेथें कांहीं नाहीं. एके काळीं पितळी वाद्यांसाठीं हें शहर प्रसिद्ध होतें. आज त्याची कीर्ति निराळ्याच धंद्यावर उभी आहे. ज्यांत निजावयास खाटा, स्वयंपाकास चूल, पाण्याची टांकी आणि शौचकूपही असतें अशीं चाकांवरचीं घरें अमेरिकेंत पुष्कळ वापरतात. कांहीं मोटारीमागें जोडून ओढावयाचीं, तर कांहीं स्वतःच्या यंत्रानें चालणारीं. या दुसऱ्या प्रकारास तिकडे मोटारहोम म्हणतात. आपण त्यास मोटारगृह म्हणूं. अमेरिकेंतील असल्या घरांपैकीं बहुसंख्य या एका जिल्ह्यांत व त्याच्या आसपास तयार होतात.

शहराबाहेर पडतांच दुसरें एक आश्चर्य दिसतें. काळ्या रंगाच्या घोडागाड्या रस्त्याच्या कडेनें संथपणें चाललेल्या असतात. हे आमिश पंथाचे लोक. ते स्वतःची मोटार बाळगीत नाहींत; परंतु सुतारकामांत त्यांचा हात बसलेला असल्यामुळें मोटारगृहांच्या कारखान्यांत त्यांपैकीं पुष्कळजण कामास आहेत. आपल्या दारीं घोडा बांधावा आणि दिवसभर इतरांसाठीं मोटारगृहें बांधावीं, हा प्रकार मला मोठा मौजेचा वाटला. येथील कारखान्यांत पुष्कळ ठिकाणीं मजुरी दिवसावर नसून नगावर असते. पहांटेस काम सुरू होतें आणि ठरलेले नग पुरे झाले कीं कामगार दुपारींच घरीं जातो. ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

आमच्या एल्कहार्ट-वारीचें कारण असें. माझी कन्या व जामात शिकागोच्या एका उपनगरांत राहतात. गेल्या वर्षीं त्यांनीं आम्हां उभयतांस आणि माझ्या वडील भगिनीस, म्हणजे आक्कास, तिकडे बोलाविलें. आक्काचें वय ७४. तिच्या गुडघ्यांस पायऱ्या सोसत नाहींत, आणि बाहेर शिजविलेलें अन्न ती घेत नाहीं. यलोस्टोन येथील उष्णोदकाचीं कारंजीं पाहण्याची तिला मोठी हौस. परंतु तीन दिवसांच्या वाटेवर केवळ फळांवर कसें राहावें? तेव्हां चूल बरोबर घेऊन जाणारें वाहन हवें असें ठरलें. नव्या मोटारगृहाची किंमत ऐकून तो विचार तेथेंच संपला. जुनें घ्यावयाचें तर कोणत्या सालचें, हा प्रश्न उरला. जामातांनीं यासाठीं काटकसरीनें कांहीं रक्कम बाजूस टाकिली होती. ती एकदां फुकट गेली असती तर पुन्हा लवकर जमण्यासारखी नव्हती.

एल्कहार्टला या धंद्याचें एक संग्रहालय असून २००७ सालीं तें टोल-रस्त्यालगतच्या नव्या इमारतींत आलें. फोर्डच्या ‘टी’ मोटारीमागें ओढावयाचें १९१३ सालचें घर तेथें पाहावयास मिळतें. मे वेस्ट या नटीस पॅरामाउंट चित्रसंस्थेनें दिलेली १९३१ ची शेव्रोलेही तेथेंच आहे. तिला मागील बाजूस चिमुकली ओसरी आहे! परंतु संग्रहालयांतील वस्तु निगा राखलेल्या. त्यांवरून बाजारांतील मालाची परीक्षा होत नाहीं.

आतां ‘साल’ या शब्दाचा थोडा खुलासा करणें अवश्य आहे. १९७४ चें म्हणून जें वाहन अमेरिकेंत विकतात तें बहुधा १९७३ च्या शरदांतच बाजारांत आलेलें असतें. आपल्याकडे शक चैत्रांत बदलतो व गुजराथेंत संवत् कार्तिकांत, तशांतलाच हा प्रकार. शिवाय मोटारगृहास पुष्कळदां दोन जन्मवर्षें असतात. खालचा पोलादी सांगाडा, यंत्र व चाकें एक कारखाना करतो आणि त्यावर घर बांधतो दुसराच. सांगाडा आदल्या सालचा आणि घर पुढल्या सालचें, असें सहज होतें. विकणारा अर्थातच जें साल सोयीचें तें सांगतो.

जुन्या काळची सामान्य पद्धति म्हणजे लांकडी पट्ट्यांचा सांगाडा, बाहेरून ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा व आंतून प्लायवूड. आयोवा राज्यांतील फॉरेस्ट सिटी या गांवीं विनेबागो कारखान्यानें १९६६ पासून मोटारगृहें करण्यास आरंभ केला, तेव्हां भिंतीचा निराळा प्रकार वापरला. पत्रा, मध्यें घट्ट फेसाची जाड वडी आणि आंतून प्लायवूड, हीं सर्व एकत्र दाबून चिकटवावयाचीं. भिंत हलकी व उबदार झाली, घरें स्वस्त झालीं, आणि विनेबागो हें नांव अमेरिकेंत मोटारगृहाचें जवळजवळ सामान्यनामच होऊन बसलें. हे दोन्ही प्रकार कोरडे आहेत तोंवर उत्तम. पण सांध्यांतून एकदां पाणी शिरलें कीं लांकूड कुजतें आणि चिकटविलेले थर सुटून भिंतीस पोट येतें. कोंकणांत मृगापूर्वीं घर शाकारलें नाहीं तर जी दशा होते तीच ही. फरक इतकाच कीं कौलारू घराची गळती खालीं बसलेल्यास तत्काळ कळते, आणि येथें ती भिंतीच्या पोटांत वर्षानुवर्षें गुप्त राहते.

जामातांच्या ओळखीचे एक वृद्ध गृहस्थ, जन्मभर याच कारखान्यांतून काम करून निवृत्त झालेले, आमच्याबरोबर हिंडले. त्यांचें म्हणणें असें कीं, साल पाहतांना त्या सालीं मागणी किती होती तें पाहावें. १९७२ सालीं या धंद्याची भरभराट शिखरास पोंचली होती. ऑक्टोबर १९७३ मध्यें अरब देशांनीं तेल रोखलें आणि मागणी कोसळली. जेथें मजुरी नगावर तेथें भरभराटीच्या सालीं खिळा कोठें बसला हें पाहावयास कोणास सवड असणार? मला हें पटलें, पण अर्धेंच. मंदीच्या सालीं हात सावकाश चालतो खरा. परंतु मालक मालांत काटकसर करूं लागतो, हेंही तितकेंच खरें.

या सर्वांहून वेगळें एक मोटारगृह जनरल मोटर्सनें जी. एम. सी. या नांवानें १९७३ ते १९७८ या सहा सालांत काढलें. सगळीं मिळून तेरा हजारांच्या आंतच झालीं. सांगाडा, यंत्र आणि वरील कवच तिन्ही एकाच कंपनीचीं, म्हणून दोन जन्मवर्षांचा घोळ पुष्कळसा टळला. कवचांत लांकडी चौकट नाहीं. ॲल्युमिनियमच्या फासळ्यांवर कांहीं भागीं ॲल्युमिनियमचा पत्रा व कांहीं भागीं फायबरग्लास चिकटविलेलें. यंत्रानें पुढचीं चाकें फिरतात, त्यामुळें तळाखालून मागें जाणारा लांब दांडा नाहीं आणि तळ जमिनीपासून जेमतेम दीड-पावणेदोन वितींवर येतो. आक्काच्या गुडघ्यांस याहून सोयीचें दुसरें काय असणार? मागें एकामागें एक अशीं दोन दोन चाकें हवेच्या फुग्यांवर तोललेलीं आहेत. दोष म्हणजे खादाडपणा. एका लिटरांत चार किलोमीटर गेली तर गाडी गुणी म्हणावयाची.

या सहा सालांतही भेद आहे. १९७६ पर्यंत ओल्ड्समोबिलचें ४५५ घनइंचांचें यंत्र असे. १९७७ च्या सालांतच तें जाऊन ४०३ घनइंचांचें आलें. हें यंत्र हलकें. पण मुख्य धुरा ज्या आधारांत फिरतो त्यांतील धातु कमी करून पोकळ्या ठेवलेल्या. म्हणून जाणकार जुन्या यंत्रासच मान देतात. उलट १९७५ च्या सुमारास ठिणगी पाडण्याची नवी वैद्युत योजना आली, ती जुन्या योजनेहून पुष्कळ कमी त्रासाची. म्हणजे नंतरचें तें चांगलें हा नियम येथें चालत नाहीं, आणि आधींचें तें चांगलें हाही नाहीं.

आम्हीं दोन दिवसांत तीन गाड्या पाहिल्या. पहिली १९७२ ची, लांकडी चौकटीची, किंमत सर्वांत कमी. बाहेरून रंग ताजा. आपल्या बायका माठ घेतांना वाजवून घेतात तशी वृद्ध गृहस्थांनीं बोटांच्या सांध्यांनीं भिंत वाजवीत नेली. खिडकीच्या कोपऱ्याशीं येतांच आवाज बद्द झाला. त्यांनीं अंगठा दाबला, तो आंत गेला. आक्कानें दारांतूनच वास घेऊन सांगितलें, “हें घर ओलें आहे.” तेथें अधिक वेळ घालविला नाहीं.

दुसरी जी. एम. सी. १९७३ ची, मिशिगन राज्यांतील. यंत्र मोठें ४५५ चें आणि आवाज इतका गोड कीं जामातांचें मन तेथेंच बसलें. तिसरी १९७७ ची, ४०३ च्या यंत्राची, ॲरिझोनाच्या कोरड्या प्रदेशांत आयुष्य काढून आलेली. पडदे उन्हानें जाळीसारखे झालेले, छपरावरील सांध्यांची लुकण सुकून तडकलेली, रंग विटलेला. पाहणाऱ्याचा जीव हिच्यावर बसेल असें तिच्यांत कांहींच नव्हतें.

वराहमिहिरानें बृहत्संहितेंत भूमिपरीक्षा सांगितली आहे. हातभर खड्डा खणून तीच माती पुन्हा भरावी. माती उरली तर भूमि उत्तम, पुरली तर मध्यम, उणी पडली तर त्याज्य. चाकांवरच्या घराची भूमि म्हणजे खालचा पोलादी सांगाडा. म्हणून मी जामातांस म्हटलें, “तुम्ही यंत्र ऐकलेंत, आतां खालून एकदां पाहा.” ते बॅटरी घेऊन मिशिगनच्या गाडीखालीं शिरले. त्या राज्यांत हिवाळ्यांत बर्फ वितळविण्यासाठीं रस्त्यांवर मीठ टाकतात. खाडीकांठच्या घरांतील लोखंडी गज जसे पापुद्रे सुटून बोटाएवढे उरतात, तशी मागील चाकांजवळ पोलादाची स्थिति झालेली. स्क्रूड्रायव्हर टेंकवितांच खपली पडली.

तरीही जामात विचारांत पडले. “अण्णा, सांगाड्यास ठिगळ मारतां येईल, असें यंत्र पुन्हा मिळणार नाहीं,” असें ते म्हणाले. मी म्हटलें, “यंत्र बिघडलें तर रस्त्यांत थांबाल. सांगाडा मोडला तर आंत निजलेल्या माणसांचें काय?” यावर ते कांहीं बोलले नाहींत. वृद्ध गृहस्थ मात्र हंसून म्हणाले कीं, ४५५ चें यंत्र पुढें मिळालें तर ॲरिझोनाच्या गाडींतही बसवितां येईल.

अखेर तिसरी घेतली. हिवाळ्यापूर्वीं छपरावरील प्रत्येक सांधा खरवडून, पुसून, नवी लुकण भरून झाली. मागील हवेचे फुगे व सर्व सहा टायर बदलले. नवे पडदे माझ्या पत्नीनें शिवले. आक्कानें गाडींतील शेगडी दोनदां घासून घेतली व तिजवर पहिला चहा स्वतः केला. यलोस्टोनचे पुष्कळसे रस्ते बर्फामुळें हिवाळ्यांत मोटारींस बंद असतात, म्हणून प्रयाण जूनमध्यें ठरलें आहे. मिशिगनची गाडी अजून विकली गेलेली नाहीं, असें जामातांच्या पत्रावरून कळतें.