सीव्हीतून ६ डिसेंबर का वगळायचा?

अमेरिकेत रेसिडेन्सीसाठी अर्ज करणाऱ्या आमच्या एका धाकट्या बहिणीचा सीव्ही आम्ही परवा वाचला. पोस्टर, कॉन्फरन्स, सगळे होते. नव्हते ते एकच. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवरच्या आरोग्य शिबिरात तिने सलग तीन वर्षे केलेले काम. विचारले तर म्हणाली, "दादा, त्यावरून जात कळते. मुलाखतीला आपल्याकडचेही डॉक्टर बसतात."

ही भीती खोटी नाही. हॉस्टेलमध्ये रँक विचारण्याच्या निमित्ताने जात विचारलेली आम्हीही सोसली आहे. पण लपवून उरते काय?

भारतात पीजीची जागा नीट-पीजीच्या रँकवर ठरते. अमेरिकेत अख्खा अर्ज वाचला जातो. जानेवारी २०२२ पासून यूएसएमएलईच्या स्टेप १ ला गुण नाहीत, फक्त पास-नापास. त्यामुळे अनुभवांचे वजन वाढले आहे. अर्जात अनुभव जास्तीत जास्त १० लिहायचे, त्यातले ३ सर्वांत अर्थपूर्ण म्हणून निवडायचे.

म्हणून मित्रांनो, "समाजसेवा केली" असे मोघम लिहू नका. किती दिवस, कोणती जबाबदारी, काय शिकलात, ते लिहा. न केलेले मात्र लिहू नका; मुलाखतीत कुठल्याही ओळीवर प्रश्न येऊ शकतो.

तिने अखेर लिहिले: रात्रपाळी, रक्तदाब तपासणी, अनवाणी चालून आलेल्या म्हाताऱ्यांच्या पायांची मलमपट्टी. निर्णय तिचाच होता.

बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात जातींवरच निबंध वाचला होता. आपण निदान आपले काम तरी का लपवावे?