पोटखराब

आमच्या धंद्यातल्या कुणालाही मध्यरात्री उठवून विचारा की शून्य आणि नल यात फरक काय. डोळे न उघडता सांगेल. शून्य म्हणजे मोजलं आणि काही निघालं नाही. नल म्हणजे मुळात मोजलंच नाही. ह्या एवढ्याशा फरकापायी किती टीम्सचे शनिवार-रविवार वाया गेलेत ते विचारू नका. पण हाच फरक नववीतलं एक पोरगं रोज सकाळी शाळेआधी पाळतं, हे मला 2025 च्या नोव्हेंबरात समजलं.

पोरगं म्हणजे माझ्या मामेभावाचा मुलगा. मुक्काम पोस्ट कासुर्डी, तालुका दौंड. सोलापूर रोडने उरुळी कांचन मागे टाकलं की यवतच्या अलीकडे लागतं ते. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी हे नाव टोलनाक्यामुळे ऐकलेलं असतं, गाव काही कुणी बघितलेलं नसतं. कालव्याचं पाणी पोचतं तिथे ऊस, अधूनमधून गुऱ्हाळं, आणि भुलेश्वरच्या डोंगराकडे जावं तसा कोरडा माळ. कुसळी गवत, चार बोरी-बाभळी, मेंढरं. बस्स.

तर पक्षी सप्ताह. 5 नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि 12 नोव्हेंबर हा डॉ. सालिम अलींचा. ह्या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्र सरकारने 2020 पासून पक्षी सप्ताह म्हणून साजरा करायचं ठरवलं. चितमपल्ली जून 2025 मध्ये गेले, म्हणजे त्यांच्यामागचा हा पहिलाच सप्ताह. एरवी अशा सप्ताहात काय होतं? फळ्यावर रंगीत खडूने मोर, एक भाषण, एक फोटो. आमच्या पठ्ठ्याने मात्र आठही दिवस माळावर जायचं ठरवलं. पहिला दिवस त्रिपुरी पौर्णिमेच्या सुट्टीचा, म्हणून निवांत. बाकीचे दिवस सकाळी सव्वासहा ते साडेसहा, मग आंघोळ, मग शाळा.

मी शनिवारी गेलो तेव्हा वही दाखवली. एका बाजूला नावं, वर तारखा, चौकटीत आकडे. एक्सेल शीटच, फक्त पेनाने केलेली. टिटवी, वेडा राघू, कोतवाल, गप्पीदास, कापशी घार, खाटीक, चंडोल, तित्तिर. आपण ज्यांचे फोटो काढायला भिगवणला पहाटे गाडी पळवतो ते रोहित वगैरे इथे कुणी नाही. सगळी रोजचीच मंडळी.

नीलपंखाच्या ओळीत होतं : 2, 1, 1. आणि त्या दिवशीच्या चौकटीत ठसठशीत 0.

"नाही दिसला तर रिकामं सोडायचं ना," मी म्हटलं.

"नाही काका. रिकामं म्हणजे मी गेलोच नाही. मी गेलो होतो, तो नव्हता."

मी गप्प.

हे त्याला ई-बर्डवरून कळलं होतं. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेने 2002 मध्ये सुरू केलेली ही नोंदींची व्यवस्था. यादी भरताना शेवटी ते विचारतात : ओळखता आलेले सगळे पक्षी यात लिहिलेत का? 'हो' म्हटलं की ती पूर्ण यादी. मग यादीत नसलेला पक्षी 'लिहायचा राहिला' असा धरत नाहीत, 'आढळला नाही' असा धरतात. नुसता दुर्मीळ पक्ष्यांचा डेटा कितीही जमवा, त्यातून कोण कमी होतंय ते कळत नाही. त्यासाठी रोजचे, कंटाळवाणे पक्षी लागतात आणि न दिसलेलेही लागतात. 2023 चा भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल अशाच 3 कोटींहून जास्त नोंदींवर उभा आहे आणि त्या करणारे सुमारे 30 हजार लोक बहुतेक हौशी आहेत. ज्या 338 जातींचा दीर्घकालीन कल काढता आला त्यातल्या 60 टक्के घटताना दिसल्या. नीलपंखही त्यातलाच, अगदी तारेवर बसणारा, सगळ्यांच्या ओळखीचा.

संध्याकाळी मला माळावर घेऊन गेला. सूर्य बुडायच्या बेताला गवतावरून अगदी खालून एक शिकारी पक्षी तरंगत आला, मग दुसरा, मग तिसरा. भोवत्या. हे मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशांतून हिवाळ्यात आपल्याकडे येतात, नाकतोडे खातात आणि रात्री झाडावर नाही, तर गवतात जमिनीवर झोपतात. गवत गेलं की त्यांची झोपायची जागाच गेली. ह्यातल्या दोन जातींच्या माद्या लांबून सारख्याच दिसतात. त्याने लिहिलं : भोवत्या 3, जात नक्की नाही. आमच्या कोड रिव्ह्यूमध्ये इतका प्रामाणिकपणा मी क्वचित बघितलाय. :-)

आता खरी गोष्ट. हा माळ, दोन एकर, आमच्या मामांच्या नावावर आहे. प्लॉटिंगवाला दोनदा येऊन गेलाय. दादाने रात्री सातबारा माझ्यापुढे ठेवला. त्यात त्या तुकड्यासमोर लिहिलंय : पोटखराब, लागवडीस अयोग्य.

"सरकार पण म्हणतंय खराब," दादा म्हणाला. "ह्याच्या अकरावी-बारावीचा, पुढचा खर्च कुठून काढू? पाखरं बघून फी भरता येती का?"

खोटं काय बोलला तो? ऊस पाण्यावर अवलंबून, कर्ज सोसायटीचं, पोरगं हुशार. माझा पुण्यातला फ्लॅटही कुणाच्या तरी माळावरच उभा आहे, मी काय सांगणार? मामा कोपऱ्यातून एवढंच म्हणाले, "खराब कशानं रं? माझ्या बापाची मेंढरं जगली त्याच्यावर."

एकाच जमिनीचे दोन रेकॉर्ड समोर होते. एकात लागवड नाही म्हणून खराब, आणि तिथे काय राहतं ह्याला रकानाच नाही. म्हणजे नल. दुसऱ्यात 15 मिनिटांमागे वीसेक जाती, न दिसलेल्यांसकट. विकायची की नाही हे वहीने ठरणार नाही, ते मलाही कळतं. दादाने प्लॉटिंगवाल्याला 'संक्रांतीनंतर बघू' म्हणून सांगितलं. त्याला कारण भाव होता की वही, मी विचारलं नाही.

निघताना पोराला मात्र विचारलं, "आणि विकलाच तर?"

"तरी मोजणार. मग भोवत्यापुढे शून्य लिहीन. पण आधीचं मोजलेलं असलं तरच त्या शून्याला अर्थ ना, काका?"

असो. तुमच्याही गावाकडे कुणाचा तरी पोटखराब तुकडा असेलच. 5 नोव्हेंबर दरवर्षी येतो, पण त्याची वाट कशाला बघायची? पंधरा मिनिटं, एक वही. जे दिसेल ते लिहा. गेलात आणि नाही दिसलं, तर चौकट रिकामी सोडू नका.