रिकामी जागा

‘जम्बो’ हा शब्द मराठीत विशेषण म्हणून आता इतका रुळला आहे की त्याच्या मागे एक विमान उभे आहे, याची आठवण फारशी कुणाला राहिलेली नाही. मंत्रिमंडळ जम्बो असते, पक्षाची कार्यकारिणी जम्बो असते, आणि २०२० साली पुण्या-मुंबईच्या मोकळ्या मैदानांवर उभी राहिलेली कोविड केंद्रेही जम्बोच होती. मुळातला जम्बो हा एक हत्ती. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातून १८८२ साली बार्नम नावाच्या अमेरिकी सर्कसवाल्याने विकत घेतलेला, आणि तीनच वर्षांनी कॅनडात आगगाडीच्या धडकेने मेलेला. हत्तीचे नाव पुढे बोइंग ७४७ला चिकटले, आणि आपल्या वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत ते त्या विमानाबरोबरच उतरले असावे, असे मला वाटते. शब्दांचे प्रवास असेच असतात. उतारू बदलत जातात, सामान तेवढे पुढे जाते.

पारिभाषिक संज्ञांवरच्या एका तासाला मी विद्यार्थ्यांना ‘वाइड-बॉडी’ या शब्दाला मराठी पर्याय सुचवायला सांगितले होते. ‘महाकाय’, ‘रुंदकाय’, ‘स्थूलदेही’ असे अपेक्षित शब्द आले. मागच्या बाकावरच्या एका मुलीने मात्र ‘दोन वाटांचे विमान’ असे सुचवले. वर्ग हसला, परंतु व्याख्या म्हणून तिचेच उत्तर सर्वांत अचूक होते. वाइड-बॉडी विमानाचे लक्षण त्याची लांबी नव्हे की वजनही नव्हे. आत खुर्च्यांच्या रांगांमधून दोन वाटा जातात, हे त्याचे लक्षण. आणि वाटा दोन झाल्या की त्यांच्या मध्ये माणसांचा एक असा समूह तयार होतो, ज्याला खिडकी नसते. हा मधला समूह हा या लेखाचा खरा विषय आहे.

त्या रुंदीचा इतिहास मोठा विलक्षण आहे. १९६५ साली अमेरिकी हवाई दलाच्या अवाढव्य मालवाहू विमानाचे कंत्राट बोइंगच्या हातून निसटून लॉकहीडकडे गेले. त्याच सुमारास पॅन अ‍ॅम या विमानकंपनीचे प्रमुख हुआन ट्रिप यांना तेव्हाच्या ७०७च्या दुप्पट-अडीचपट माणसे नेणारे विमान हवे होते. एप्रिल १९६६मध्ये त्यांनी सुमारे साडेबावन्न कोटी डॉलरला पंचवीस विमानांची मागणी नोंदवली; तेव्हा विमान कागदावरही पुरते उतरले नव्हते. ट्रिप यांच्या मनात दुमजली विमान होते. परंतु संकटकाळी सर्व प्रवाशांना नव्वद सेकंदांत बाहेर काढता आले पाहिजे या कसोटीवर वरचा मजला अवघड ठरत होता. मुख्य अभियंता जो सटर यांच्या चमूने मजल्यावर मजला चढवण्याऐवजी विमान आडवे पसरवले आणि ट्रिप यांना लाकडी प्रतिकृती दाखवून ते पटवून दिले.

किती पसरवावे, हे मात्र माणसाच्या सोयीने ठरले नाही. त्या काळी सर्वांची खात्री होती की लवकरच ध्वनीपेक्षा वेगवान विमाने येतील आणि प्रवासी त्यांच्याकडे वळतील. बोइंगचीही सारी प्रतिष्ठा त्या दुसऱ्या प्रकल्पात गुंतलेली होती. मग या मंदगती विमानाचे करायचे काय? त्यातून माल न्यायचा. म्हणून आठ फूट रुंदीचे दोन कंटेनर शेजारी शेजारी मावतील, एवढी त्याची रुंदी धरण्यात आली. ती सुमारे वीस फूट भरली. नाक उघडून माल आत ढकलता यावा यासाठी वैमानिकांची खोली उचलून वर नेली, आणि त्यातून ७४७चे ते प्रसिद्ध मदार जन्माला आले. पुढे झाले उलटेच. बोइंगचे स्वनातीत विमान १९७१ साली सरकारने पैसा थांबवल्यावर कागदावरच राहिले, कॉन्कॉर्ड मोजक्या श्रीमंतांना घेऊन २००३पर्यंत उडाले, आणि पेट्यांसाठी आखलेल्या त्या रुंदीत कोट्यवधी माणसे बसली.

या रुंदीला उचलणारे बळ नव्या प्रकारच्या इंजिनाने दिले. जुन्या जेटमध्ये बरीचशी हवा इंजिनाच्या पोटात जाऊन, जळून, वेगाने बाहेर पडे. नव्या इंजिनाच्या तोंडाशी एक प्रचंड पंखा बसवला गेला. त्याने ओढलेल्या हवेचा मोठा भाग ज्वलनाला न शिवता बाजूने मागे फेकला जाऊ लागला. थोड्या हवेला फार वेग देण्यापेक्षा पुष्कळ हवेला बेताचा वेग देणे अधिक किफायतशीर, हे त्यामागचे तत्त्व. मात्र हे इंजिन तयार होण्याआधी विमाने तयार झाली. १९६९ साली एव्हरेटच्या कारखान्याबाहेर इंजिने नसलेली ७४७ विमाने ओळीने उभी होती, आणि तोल राहावा म्हणून त्यांच्या पंखांना काँक्रीटचे ठोकळे टांगलेले होते. स्वप्नाची घाई आणि वास्तवाची गती यांच्यातील अंतराचे याहून नेमके चित्र मला माहीत नाही.

९ फेब्रुवारी १९६९ रोजी ७४७ पहिल्यांदा उडाले आणि २२ जानेवारी १९७० रोजी पॅन अ‍ॅमचे विमान न्यूयॉर्कहून प्रवासी घेऊन लंडनला निघाले. तेही एका विमानाचे इंजिन तापल्याने दुसरे आणून, काही तासांच्या उशिराने. त्याच वर्षी मॅक्डॉनल डग्लसचे डीसी-१० आणि लॉकहीडचे ट्रायस्टार ही तीन इंजिनांची विमाने उडाली. ट्रायस्टारसाठी इंजिन बनवता बनवता रोल्स-रॉइससारखी कंपनी फेब्रुवारी १९७१मध्ये दिवाळखोरीत गेली आणि ब्रिटिश सरकारला ती ताब्यात घ्यावी लागली. बोइंगमध्ये एवढी कामगारकपात झाली की सिएटल सोडणाऱ्या शेवटच्या माणसाने दिवे मालवून जावे, अशा अर्थाचा फलक शहरात लागला.

डीसी-१०ची कथा याहून काळी आहे. त्याच्या मालकप्प्याचे दार बाहेरच्या बाजूला उघडणारे होते आणि त्याची कडी नीट बसली नसतानाही बसल्यासारखी दिसू शकत असे. जून १९७२मध्ये कॅनडातील विंडसरच्या आकाशात असे दार उडाले. खालच्या कप्प्यातील हवेचा दाब एकदम गेला, वरची जमीन खचली, जमिनीखालून जाणाऱ्या नियंत्रणाच्या तारांना इजा झाली. तरी वैमानिकांनी विमान सुखरूप उतरवले. त्यानंतर काही दिवसांतच दाराचे काम केलेल्या कंपनीतील डॅन अ‍ॅपलगेट या अभियंत्याने आपल्या वरिष्ठांसाठी एक टिपण लिहिले: ही दारे पुढील वीस वर्षांत पुन्हा उघडतील, आणि तेव्हा बहुधा विमान वाचणार नाही. टिपण फाइलीत राहिले. ३ मार्च १९७४ रोजी पॅरिसजवळ एर्मेनॉनव्हिलच्या जंगलात तुर्की विमानकंपनीचे डीसी-१० कोसळले आणि ३४६ माणसे गेली. आपण साहित्याचे लोक ‘शब्दसामर्थ्य’ हा शब्द सहज वापरतो. मला मात्र अनेकदा त्या रुक्ष, अलंकारहीन, कार्यालयीन गद्याची आठवण होते. जे लिहायला हवे होते ते त्यात लिहिलेले होते, आणि वाचणाऱ्याने वाचून बाजूला ठेवले.

भारतात हे पर्व १९७१ साली ‘सम्राट अशोक’ या नावाने आले. एअर इंडियाने आपल्या ७४७ विमानांना सम्राटांची नावे दिली, खिडक्यांभोवती राजवाड्याच्या झरोक्यांची नक्षी रंगवली आणि त्यांना आकाशातील राजवाडा म्हणून मिरवले. १ जानेवारी १९७८च्या रात्री दुबईला निघालेला तोच ‘सम्राट अशोक’ वांद्र्याच्या समुद्रात कोसळला; २१३ माणसे होती. २३ जून १९८५ रोजी ‘कनिष्क’ आयर्लंडजवळच्या समुद्रावर बॉम्बस्फोटाने फुटले, ३२९ होती. रुंदीबरोबर मृत्यूचा आकडाही रुंद झाला, हे या इतिहासातून वगळता येत नाही.

आता त्या मधल्या माणसांकडे येतो. १९७०नंतर लगेच मंदी आली, मग १९७३चा तेलाचा भडका उडाला, आणि या प्रचंड विमानांतल्या खुर्च्या भरेनात. अमेरिकन एअरलाइन्सने तर ७४७च्या मागच्या भागातल्या खुर्च्या काढून तिथे बैठक मांडली आणि चक्क एक इलेक्ट्रिक पियानो ठेवला. परंतु रिकामी खुर्ची वाजवून भरत नाही. ती स्वस्तात विकावी लागते. घाऊक तिकिटे घेऊन कमी भावात विकणारे दलाल आले, १९७८ साली अमेरिकेने भाड्यांवरील सरकारी नियंत्रण उठवले, आणि ज्यांनी कधी विमानाचे स्वप्नही पाहिले नव्हते, अशी माणसे त्या मधल्या रांगांत येऊन बसली. आखातात गेलेले कोकणातले मजूर आणि तंत्रज्ञ, अमेरिकेत शिकायला गेलेली मुले, आणि त्या मुलांच्या मागोमाग, लेकीच्या बाळंतपणाला जाणाऱ्या आया.

माझी आई त्यांतलीच एक. १९९८ साली ती ताईच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला गेली. मुंबई ते लंडन आणि लंडन ते न्यूयॉर्क असा ७४७चा प्रवास. सोबत डिंकाचे लाडू, अळीव आणि एक इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी. विमान कसे होते, असे फोनवर विचारले तर म्हणाली, “नाट्यगृहात बसल्यासारखं वाटलं रे. फक्त पडदा उघडलाच नाही. आकाश काही दिसलं नाही.” चार खुर्च्यांच्या मधल्या रांगेत तिची दुसरी जागा होती. राजवाड्याचे झरोके ज्या भिंतीवर रंगवलेले असत, त्या भिंतीपासून ती बरीच आत बसली होती. तरीही ती पोहोचली, नातीला पहिली आंघोळ तिने घातली, आणि हे तिच्या आईला कोणत्याही काळात शक्य झाले नसते.

या विमानांनी अंतर कमी केले, असे आपण म्हणतो. त्यांनी अंतराविषयीची अपेक्षाही बदलली. जहाजाच्या काळात परदेशी गेलेल्या मुलाकडून कुणी अंत्यदर्शनाची अपेक्षा करीत नसे. तार येई, आणि तो तिकडे आंघोळ करी. आता येता येते, म्हणून यावे लागते. आणि येता आले नाही तर तो सल आयुष्यभर राहतो. २००९ साली बाबा गेले तेव्हा ताईने नेवार्कहून मुंबईला थेट येणाऱ्या विमानाची चौकशी केली. विमान पूर्ण भरले होते. ती तशीच विमानतळावर जाऊन बसली. अगदी शेवटी कुणी एक प्रवासी आलाच नाही, आणि ती जागा तिला मिळाली. आम्ही बाबांना रुग्णालयाच्या शवागारात ठेवून तिची वाट पाहिली.

ते विमान दोन इंजिनांचे ७७७ होते. दोन इंजिनांच्या विमानाने जवळच्या विमानतळापासून साठ मिनिटांहून दूर जाऊ नये, असा अमेरिकेचा १९५३ पासूनचा नियम होता. इंजिनांवरचा विश्वास वाढला तशी ही मर्यादा १९८५ साली १२० आणि १९८८ साली १८० मिनिटांवर गेली. दोन इंजिनांच्या रुंद विमानाची वाट १९७२ साली उडालेल्या युरोपच्या एअरबस ए-३००ने दाखवली होती. १९७६ साली ते इंडियन एअरलाइन्सकडेही आले. १९९५ साली सेवेत आलेल्या ७७७ने त्या वाटेचा राजमार्ग केला. साठच्या जागी एकशेऐंशी हा आकडा एखाद्या नियमपुस्तकात बदलतो, आणि एक मुलगी लंडनला न थांबता, न अडखळता, बापाच्या अग्नीपर्यंत येते. इतिहास बहुधा असाच आपल्या घरात शिरतो.

पुढे याच दोन इंजिनांनी जम्बोचे युग संपवले. एअरबसचे खरोखरीचे दुमजली ए-३८० हे २००७ साली सेवेत आले आणि २५१ विमानांनंतर २०२१ साली थांबले. इतक्या खुर्च्या रोज भरणे अवघड होते. त्यापेक्षा ७८७ किंवा ए-३५०सारखी बेताची विमाने थेट शहरातून शहरात जाऊ लागली. शेवटचे, १५७४वे ७४७ जानेवारी २०२३मध्ये एका मालवाहू कंपनीच्या हवाली झाले; पेट्यांसाठी आखलेली रुंदी अखेरीस पेट्यांकडेच परत गेली. एअर इंडियाचे शेवटचे ७४७, ‘आग्रा’, २२ एप्रिल २०२४ रोजी मुंबईतून कायमचे गेले. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादेत ७८७ कोसळले, तेव्हा वाइड-बॉडीच्या जुन्या हिशेबाची दुसरी बाजूही पुन्हा समोर आली.

लहानपणी कीर्तनात ऐकले होते की पुष्पक विमानात कितीही माणसे बसली तरी एक जागा रिकामीच राहते. लंकेहून अयोध्येला येताना राम-सीतेबरोबर बिभीषण, सुग्रीव आणि सारे वानर चढले, तरी एक जागा उरली. विमानकंपनीच्या दृष्टीने रिकामी जागा म्हणजे नुकसान. ती उरू नये म्हणून आज संगणक क्षणोक्षणी भाडे बदलत असतो, आणि एखादा येणार नाही असे गृहीत धरून जागेहून अधिक तिकिटे विकतो. हिशेब चुकीचा आहे, असे मी म्हणणार नाही. त्याच हिशेबाने माझी आई नातीपर्यंत पोहोचली. परंतु कीर्तनकाराचे पुष्पक ज्यांनी कल्पिले, त्यांना विमानाचे सर्वांत मोठे वैभव कशात आहे हे उमगले होते, असे मला वाटते. उशिरा येणाऱ्याला घेता येणे, हे ते वैभव. त्या दिवशी नेवार्कला कोण आले नाही, का आले नाही, हे ताईला कधी कळले नाही. त्या अनोळखी माणसाचे बरे असो, असे आई अजूनही दरवर्षी बाबांच्या तिथीला म्हणते.