मारिकिनाची पंचेचाळीस

आज ह्यूस्टनच्या नेमबाजी रेंजवर भाड्याचं रॉक आयलंड पिस्तूल चालवलं. कोल्ट १९११ची नक्कल, किंमत मूळच्या जवळपास निम्मी. जॉन ब्राउनिंगचं ते मूळ पिस्तूल ७० वर्षांहून अधिक काळ अमेरिकी सैन्याच्या कमरेला होतं. गोळी सुटली की नळी जराशी मागे सरकून खाली झुकते, ती युक्ती इथेही तशीच. रंगकाम खडबडीत, माशी इतकी बारीक की माझ्या चाळिशीला दिसता दिसेना. पण ५० गोळ्यांत एकदाही अडकलं नाही.

मन मात्र फिलिपीन्समध्ये गुंतलं. तिथल्या मोरो लढवय्यांपुढे अमेरिकी सैन्याची .३८ची गोळी तोकडी पडली, म्हणून अमेरिकेने जाड .४५च्या गोळीचा हट्ट धरला आणि त्यातून १९११ आलं. आणि हे रॉक आयलंडही घडतं तिथेच, मनिलाजवळच्या मारिकिनात. याला नक्कल म्हणताना जीभ अडखळते. घेईन तर हेच. वाचलेले डॉलर सरावाच्या गोळ्यांना.