हिलरी, ओबामा आणि आमची मेस

प्रायमरी म्हटलं की आपल्याला पहिली ते चौथीचे वर्ग आठवतात. खडूची धूळ, पाढे आणि दुपारची खिचडी. अमेरिकेतली प्रायमरी हे मात्र वेगळंच प्रकरण आहे. आपल्याकडे पक्षाचं तिकीट कुणाला, हे वरून ठरतं. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी ए-बी फॉर्म कुणाच्या हातात पडतो यावर गावभर पैजा लागतात. तिकडे पक्षाचा उमेदवार कोण, हे त्या पक्षाचे साधे मतदारच ठरवतात. एकेका राज्यात मतदान होत होत हा कार्यक्रम पाच-सहा महिने चालतो. म्हणजे आधी घरातल्या घरात भांडायचं आणि मग एकत्र होऊन शेजाऱ्याशी!

आता मेकॅनिकलच्या पोराचा याच्याशी संबंध काय? तर आम्हाला डिझाइनच्या विषयात ‘डिसिजन मॅट्रिक्स’ नावाचा प्रकार आहे. डावीकडे निकष लिहायचे, वर पर्याय लिहायचे, प्रत्येक निकषाला वेटेज द्यायचं, मग गुण भरायचे, गुणाकार-बेरीज करायची आणि ज्याची बेरीज जास्त तो पर्याय निवडायचा. दरवर्षी निम्मा वर्ग बाइक निवडतो आणि उरलेला निम्मा लॅपटॉप. या वर्षी सरांनी आधीच बजावलं, “मोटारसायकल सोडून काहीही आणा.” माझा आतेभाऊ न्यू जर्सीत आहे. तो फोनवर नेहमी म्हणतो, “आमच्याकडे निवडणूक म्हणजे शेवटी दवाखान्याचं बिल कोण भरणार हा प्रश्न.” म्हणून मी २००८ सालची डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी घेतली. हिलरी क्लिंटन विरुद्ध बराक ओबामा. त्या वर्षी मी बालवाडीच्या दारात भोकाड पसरत होतो, त्यामुळे कुणाची बाजू घेण्याचा प्रश्नच नव्हता.

मी मोठ्या उत्साहानं दहा निकष लिहिले आणि दोघांचे आराखडे, वादसभांमधली बोलणी वाचायला बसलो. तिथंच पहिला धक्का बसला. मंडळी, दोघांत फरकच सापडेना! हवामानबदल बघा : दोघंही म्हणतात, २०५० पर्यंत कार्बन उत्सर्जन १९९० च्या पातळीच्या ८० टक्के खाली आणू, आणि प्रदूषणाचे परवाने फुकट न वाटता लिलाव करू. मेक्सिको-कॅनडाबरोबरचा नाफ्टा करार बघा : फेब्रुवारी २००८ मध्ये क्लीव्हलँडच्या वादसभेत दोघांनीही सांगितलं की गरज पडल्यास बाहेर पडायची धमकी देऊन तो नव्यानं ठरवून घेऊ. (ओहायोतले कारखाने बंद पडत होते आणि ओहायोचं मतदान आठवड्यावर आलं होतं, हे इथं लक्षात घ्यावं.) इराकमधून सैन्य परत? दोघंही म्हणतात, हो. ओबामा सोळा महिन्यांत म्हणतात, हिलरी साठ दिवसांत सुरुवात करू म्हणतात.

मॅट्रिक्सचा एक साधा नियम आहे. ज्या ओळीत दोन्ही पर्यायांना सारखेच गुण, ती ओळ निर्णयाच्या कामाची नाही, मग तिचं वेटेज कितीही असो. माझ्या दहापैकी सात ओळी अशाच गेल्या. एकाच पक्षाच्या दोघांत तुलना करताना हे होणारच. पण प्रचार मात्र असा चालला होता की जणू एक उत्तर ध्रुवावरचा आणि एक दक्षिण.

उरल्या तीन ओळी. पहिली इराकची, पण ती धोरणापेक्षा भूतकाळाची. ऑक्टोबर २००२ मध्ये सिनेटमध्ये हिलरींनी युद्धाची परवानगी देण्याच्या बाजूनं मत दिलं. ओबामा तेव्हा सिनेटमध्ये नव्हते, इलिनॉय राज्याच्या विधिमंडळात होते आणि शिकागोच्या सभेत त्यांनी युद्धाला विरोध केला. प्रत्यक्ष मत द्यावं न लागता विरोध करणं सोपं, हे हिलरीच्या बाजूचे म्हणत; ते अगदीच खोटं नाही. पण विरोध बरोबर ठरला. ओबामांना गुण दिले आणि पुढे गेलो.

दुसरी ओळ पेट्रोलची. एप्रिल २००८ मध्ये तिकडे पेट्रोल गॅलनला साडेतीन डॉलरच्या वर गेलं होतं. समोरच्या पक्षाचे मॅककेन म्हणाले, उन्हाळ्यापुरता केंद्राचा कर माफ करू. हा कर गॅलनमागे १८.४ सेंट. हिलरी म्हणाल्या, करूच, आणि तेल कंपन्यांच्या जादा नफ्यावर कर लावून तूट भरून काढू. ओबामा म्हणाले, ही नुसती चलाखी आहे. आपण हिशेब करू. एखादा माणूस महिन्याला हजार मैल गाडी चालवतो, गाडी गॅलनला वीस मैल देते. म्हणजे पन्नास गॅलन. सूट झाली ९ डॉलर २० सेंट. तीन महिन्यांचे साडेसत्तावीस डॉलर. तेही सगळी सूट ग्राहकापर्यंत पोचली तर! उन्हाळ्यात तिकडच्या रिफायनऱ्या आधीच भरात चालू असतात. माल तेवढाच आणि मागणी वाढली, तर भाव पुन्हा वर सरकतो आणि कराचा पैसा कंपनीच्या खिशात जातो. दोनशेहून जास्त अर्थशास्त्रज्ञांनी याविरुद्ध पत्रक काढलं. त्यावर हिलरींनी टीव्हीवर सांगितलं की आपण काही अर्थशास्त्रज्ञांच्या नादी लागणार नाही. गंमत म्हणजे ओबामांनी स्वतः २००० साली इलिनॉयमध्ये अशाच करमाफीला मत दिलं होतं. त्यांचं म्हणणं, तेव्हा करून पाहिलं, उपयोग झाला नाही, म्हणून आता विरोध. मला हे उत्तर आवडलं. प्रयोग फसला की निष्कर्ष बदलायचा, हे आपल्याला जर्नलमध्येही जमत नाही. तिथं रीडिंग बदलतात!

तिसरी ओळ म्हणजे सगळ्या भांडणाचं मूळ : आरोग्य विमा. तेव्हा अमेरिकेत सुमारे ४ कोटी ७० लाख लोकांकडे विमा नव्हता. दोघांच्याही योजनेत सरकारी अनुदान होतं आणि दोघंही म्हणत होते की आजारी माणसाला कंपनीनं विमा नाकारायचा नाही. फरक एकच. हिलरी म्हणाल्या, प्रत्येकानं विमा घ्यायलाच हवा, सक्तीनं. (तिसरे उमेदवार एडवर्ड्सही हेच म्हणत होते, पण ते जानेवारीतच बाहेर पडले.) ओबामा म्हणाले, सक्ती फक्त लहान मुलांसाठी. मोठ्यांकडे विमा नाही तो हौसेनं नाही असं नव्हे, परवडत नाही म्हणून नाही. आधी स्वस्त करा.

ऐकायला ओबामांचं जास्त माणुसकीचं वाटतं की नाही? मलाही वाटलं. पण मग आमच्या हॉस्टेलची मेस आठवली.

आमच्याकडे मेस पूर्वी सगळ्यांना सक्तीची होती. पोरांनी ओरडा केला आणि ती ऐच्छिक झाली. पहिल्या महिन्यात कोण बाहेर पडलं? जे कमी खातात ते, डाएटवाले, गावातल्या मावशीकडे जेवणारे. मागं कोण राहिलं? एका बैठकीत चौदा पोळ्या उडवणारे आमच्यासारखे गडी. माणशी खर्च वाढला, बिल वाढलं. बिल वाढलं म्हणून मध्यम खाणारे बाहेर पडले. मग बिल आणखी वाढलं. विम्याचंही तंतोतंत हेच होतं. आजाऱ्याला नाकारायचं नाही आणि निरोग्याला सक्ती नाही, तर निरोगी माणूस म्हणणार, आजारी पडलो की घेऊ. म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणायची, आणि तीही दुसऱ्यांच्या पैशानं. याला अॅडव्हर्स सिलेक्शन म्हणतात हे मला नंतर कळलं. आम्ही त्याला ‘मेस बसली’ म्हणतो.

याचे आकडेही आहेत. जोनाथन ग्रुबर या अर्थतज्ज्ञाचा अंदाज फेब्रुवारी २००८ मध्ये पॉल क्रुगमन यांनी आपल्या स्तंभात मांडला होता. ओबामांसारख्या बिनसक्तीच्या योजनेत २ कोटी ३० लाख नव्या लोकांना विमा मिळेल, खर्च वर्षाला १०२ अब्ज डॉलर. हिलरींसारख्या सक्तीच्या योजनेत साडेचार कोटींना, खर्च १२४ अब्ज. भागाकार करा. माणशी सुमारे ४४०० डॉलर विरुद्ध साधारण २७०० डॉलर. दुप्पट माणसं, पण खर्च पाचवा हिस्साच जास्त! मी या ओळीला सगळ्यांत जास्त वेटेज दिलं आणि माझ्या शीटमध्ये हिलरी क्लिंटन चार गुणांनी जिंकल्या.

खऱ्या निवडणुकीत काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. ओबामांच्या प्रचारानं सक्तीविरुद्ध घरोघर पत्रकं पाठवली. त्यावर ओहायोत हिलरी भडकल्या आणि लाज वाटली पाहिजे, अशा अर्थाचं बोलल्या. क्लीव्हलँडच्या वादसभेची सुरुवातीची पंधरा-सोळा मिनिटं दोघं या एकाच मुद्द्यावर कीस पाडत होते. सक्ती न पाळणाऱ्याचं करणार काय, पगार कापणार का, हा ओबामांचा प्रश्न होता आणि त्याला हिलरींचं सरळ उत्तर शेवटपर्यंत आलं नाही असं माझं मत आहे. ३ जून २००८ ला ओबामांची प्रतिनिधीसंख्या पूर्ण झाली, चार दिवसांनी हिलरींनी माघार घेतली.

आणि पुढची गंमत ऐका. जुलै २००९ मध्ये अध्यक्ष ओबामा एका मुलाखतीत म्हणाले की प्रचारात आपण सक्तीच्या विरुद्ध होतो, पण आता ज्यांना खरंच झेपत नाही त्यांना सवलत ठेवून सक्ती मान्य आहे. २३ मार्च २०१० ला त्यांनी कायद्यावर सही केली तो सक्तीसकट! म्हणजे निवडून आले ओबामा आणि आली हिलरींची योजना. ज्या मतदारानं या एका ओळीवर मत दिलं असेल, त्यानं काय करायचं?

वायवाला सरांनी नेमकं इथंच पकडलं. “गुण दिलेस, वेटेज दिलंस. पण हा माणूस बोलतो ते करेल, याची शक्यता कुठं धरलीस?” मी म्हणालो, सर, अध्यक्ष कायदा एकटा करत नाही, काँग्रेस करते; हिशेब पुढं आला की भूमिका बदलते, आणि इथं ती बरोबर दिशेनं बदलली. सर म्हणाले, “मग तुझ्या टेबलाचा उपयोग काय?” मी म्हणालो, कुणाचं गणित कुठं अडणार ते आधी दिसलं. गुण बरे मिळाले.

पण गोष्ट इथं संपली असती तर हिलरी बरोबर, ओबामा चूक, असं लिहून मी मोकळा झालो असतो. ती सक्ती कोर्टात गेली. २८ जून २०१२ ला सुप्रीम कोर्टात ५ विरुद्ध ४ अशी काठावर पास झाली. मग डिसेंबर २०१७ च्या करकायद्यानं २०१९ पासून तिचा दंडच शून्य केला. माझ्या मेसच्या सिद्धांताप्रमाणे बाजार कोसळायला हवा होता. तसा तो कोसळला नाही. कारण अनुदान शिल्लक होतं. हप्ता वाढला तरी कमी उत्पन्नवाल्याच्या खिशाला तो तितका जाणवत नव्हता. २०२१ मध्ये अनुदान वाढवल्यावर तर नोंदणी चढत गेली आणि २०२४ साठी दोन कोटींच्या वर लोकांनी त्या बाजारातून विमा घेतला, सक्तीचा दंड नसताना. म्हणजे ‘आधी परवडू द्या’ हे जे ओबामा २००८ मध्ये म्हणत होते आणि मी ज्याला पाचपैकी दोन गुण दिले होते, त्यात बराच दम होता. दोघांच्याही आराखड्यात अनुदान असल्यामुळे ती ओळ मी ‘सारखी’ म्हणून खोडली होती. सगळ्यांत जास्त काम त्याच ओळीनं केलं.

हे सगळं मी आता लिहितोय कारण आमच्या हॉस्टेलात मेस पुन्हा सक्तीची करायचा ठराव येतोय. मेस सेक्रेटरीसाठी दोघं उभे आहेत, एक सक्तीवाला, एक ऐच्छिकवाला. दोघांची पत्रकं बघितली. बाकी सगळं सारखंच, रविवारी फीस्ट, पाण्याचा कूलर वगैरे वगैरे. गणितानं जायचं तर सक्तीवाल्याला मत द्यावं. पण माझा रूम पार्टनर मेस लावत नाही. त्याचे वडील रोजंदारीवर जातात. तो खोलीत खिचडी करतो, रेक्टर राउंडला आले की कुकर पलंगाखाली जातो. सक्ती झाली तर महिन्याचं बिल तो आणणार कुठून, याचं उत्तर दोन्ही पत्रकांत नाही. सक्ती असेल तर गरजूंना सवलतही हवी, अशी सूचना मी लिहून काढली आणि त्याला वाचायला दिली. त्यानं शांतपणे वाचली, खिचडीचं झाकण काढलं आणि म्हणाला, “सवलतीचे पैसे कोण भरणार ते आधी लिही. सक्ती खाली टाक.”

मी ओळींचा क्रम बदललाय. ठरावाची सभा पुढच्या शुक्रवारी आहे.

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल