तें आणि ते

आनंदनगरातल्या माझ्या टेबलावर जुनी गूढकथा पुनर्मुद्रणासाठी आली की सगळं मुद्रितशोधन एका टिंबापाशी अडतं. १९६२ च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढले. त्यापूर्वी ‘तें दारांत उभें होतें’ असं छापलं की दारात माणूस नाही हे तीन टिंबांवरून कळे (‘दारांत’मधलं चौथं सप्तमीचं). ती पुसली की उरतं ‘ते दारात उभे होते’. म्हणजे कोण? हडळ बाई, वेताळ पुरुष. त्यांची ओळख ठरलेली. ज्याला नाव नाही त्याला मराठीत फक्त नपुंसकलिंग आहे, आणि खरी भीती तिथेच राहते. त्यात नारायण धारपांच्या समर्थांसारखा आदरार्थी बहुवचनातला नायक असला, तर तारणारा आणि गिळणारा या दोघांना एकच सर्वनाम, एकच क्रियापद मिळतं. ब्लॅकवुडचा जॉन सायलेन्स (१९०८) किंवा हॉजसनचा कार्नाकी (पुस्तकरूपात १९१३) छापणाऱ्यांना ही अडचण आलीच नाही. इंग्रजीत शोधक ‘ही’, समोरचं ‘इट’.

संदर्भावरून कळतं, असं म्हणतात. कळतं, पण पुढच्या ओळीला. भयकथेचं सगळं भांडवल पहिल्या ओळीत असतं. मग ‘उभं होतं’ करा, बोलीतला अनुस्वार नियमांना चालतो, हा सल्ला जास्त वजनदार आहे आणि मी तो पुष्कळदा पाळतोही. पण प्रमाणभाषेत, मोजूनमापून बोलणारा निवेदक एकाच वाक्यापुरता घरगुती होतो आणि तिथे शिवण दिसते. सगळी कथाच बोलीत आणली, तर ज्या गंभीर आवाजामुळे अशक्य गोष्ट खरी वाटत होती तो आवाज जातो. जुनं लेखन जसंच्या तसं ठेवावं, तर आजचा वाचक प्रत्येक ओळीत ठेचकाळतो. शुद्धलेखन तपासणारी प्रणाली फिरवून ‘अद्ययावत आवृत्ती’ काढणाऱ्यांना हा प्रश्न पडत नाही, आणि त्यांच्या पुस्तकांत भूत शिष्टाचाराने येतं.

आता पिवळ्या पानावरचं टिंब शाईचं की कागदातला डाग, हे माझ्या डोळ्यांना खात्रीने सांगता येत नाही. तरी कबूल करायला हवं की काही ठिकाणी टिंब स्वच्छ दिसत असूनही मी ‘ते उभे होते’ तसंच सोडलं आहे, वाचकाला क्षणभर तारणाऱ्यातच ते दुसरं दिसावं म्हणून. ती भीती लेखकाची नाही. ती माझी आहे, आणि पुस्तकावर नाव लेखकाचं असताना मला तिचा अभिमान वाटतो.