बदललं तर आधी तुला सांगेन

साखरपुड्याआधी आम्ही सारसबागेत भेटायचो. अहो-जाहो नुकतंच सुटलं होतं. तिथेच एका संध्याकाळी तो म्हणाला, "मला अधूनमधून साडी नेसायला आवडतं. लहानपणापासून. लग्न झाल्यावर हे सुटेल असं वाटत नाही, म्हणून आत्ताच सांगतोय."

मी घाबरले. रात्रभर झोप नाही. पण परस्पर नकार कळवणं मनाला पटेना, म्हणून दुसऱ्या दिवशी फोन करून सरळच विचारलं. तुला पुरुष आवडतात का? बाई व्हायचंय का? पहिल्याला त्याने नाही म्हटलं. दुसऱ्यावर थोडा थांबला. "आज तसं वाटत नाही. पुढे कधीच वाटणार नाही, अशी हमी कशी देऊ? पण काही बदललं तर सगळ्यात आधी तुला सांगेन."

माझा होकार या उत्तराला होता. त्याने छातीठोक हमी दिली असती तर ऐकायला बरं वाटलं असतं, आणि मग जन्मभर मी ती हमी तपासत बसले असते.

लग्नानंतर पहिल्यांदा तो माझ्यासमोर साडी नेसून आला. मिशी तशीच, परकराची नाडी सैल, निऱ्या उलट्या वळलेल्या, पदर इतका आखूड की खांद्यावर ठरेना. मला विचित्र वाटलं, हे नाकारत नाही. तरी मी खाली बसले, निऱ्या पुन्हा घालून दिल्या, पिन लावली. त्याने आरशात पाहिलं आणि त्याचे खांदे एकदम सैल पडले. हिशेब लिहिताना, गाडी चालवताना, आईंशी बोलतानाही ते खांदे कायम ताठ असतात. ते सैल पडलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

ब्लाउजचा प्रश्न आला तेव्हा मी घरीच टेपने त्याची मापं घेतली आणि आमच्या शिंपीकाकांकडे दिली. खांद्याचं माप वाचून ते म्हणाले, "ताई, कोणासाठी?" मी म्हटलं, "घरातल्यांसाठी." त्यांनी पुढे विचारलं नाही. बाहेरच्यांना सगळं सांगायला आम्ही बांधील नाही, पण खोटी नणंद उभी करायची नाही, हे तेव्हापासून आमचं ठरलं. आणि माझं कपाट मला विचारल्याशिवाय उघडायचं नाही. आईची इरकल तर कधीच नाही.

कॉलेजात असताना त्याने वाचनालयातल्या एका जुन्या पुस्तकात याला 'विकृती' म्हटलेलं वाचलं होतं. तो शब्द त्याच्या मनात वीस-पंचवीस वर्षं रुतून होता. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची नवी यादी, आयसीडी-11, 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली. विरुद्धलिंगी कपडे घालण्याबद्दल आधीच्या यादीत असलेली निदानं तिच्यात उरली नाहीत. आमच्या समुपदेशक बाईंनी हे सांगितलं तेव्हा तो काही बोलला नाही. जिना उतरताना मात्र त्याने माझा हात धरला. चारचौघांत तो कधी धरत नाही.

आपल्याकडे बालगंधर्व झाले, मग लाज कसली, असं काही जण म्हणतात. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी काढलेली त्यांची दोन तैलचित्रं आहेत, एक पुरुषवेशातलं, एक स्त्रीवेशातलं. नाटकाला गेलो की आम्ही दोघंही त्यांच्यापाशी रेंगाळतो. पण त्या उदाहरणाने माझं समाधान होत नाही. नटाच्या साडीला प्रेक्षक असतात, टाळ्या असतात. माझ्या नवऱ्याच्या साडीला एकच प्रेक्षक आहे, आणि त्या प्रेक्षकाला कधीकधी ती बघायची नसते.

हेच आम्हाला सगळ्यात जड गेलं. बाबा दवाखान्यात होते तेव्हाची गोष्ट. दिवसभर तिथे बसून मी घरी आले तर हा साडी नेसून खुशीत चहा टाकत होता. मी म्हटलं, "आज नको. आज मला तू नेहमीसारखा हवायस." त्याने मुकाट्याने कपडे बदलले, पिठलं-भात केला, मला वाढलं. पण पुढे दोन-तीन दिवस घुम्यासारखा वावरला. शेवटी बोलला, "तू मला झिडकारलंस असं वाटलं." मी म्हटलं, "नको असतानाही मी हसत राहिले, तर माझं कुठलं हसू तुला खरं वाटेल?"

लोक त्याच्या धाडसाचं कौतुक करतील, आणि ते रास्तच आहे. पण बायकोने 'आज नको' म्हणायचं आणि त्याने ते 'कधीच नको' असं ऐकायचं नाही, हे साधायला आम्हाला सारसबागेतल्या कबुलीपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला. आता मी हो म्हणते तेव्हा ते मनापासूनचं असतं, हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

सध्या आमचं अडलंय ते मुलीवरून. ती नववीत आहे. तिने विचारलं तर खोटं बोलायचं नाही, यावर दुमत नाही. पण तिने विचारायची वाट बघायची का? तो म्हणतो, दहावी होऊ दे, डोक्याला ताप नको. मी म्हणते, तिला ते दोरीवरच्या ब्लाउजवरून कळण्यापेक्षा बापाच्या तोंडून कळू दे, मला कळलं तसं. रविवारी पुन्हा बोलायला बसणार आहोत.